‘गरोदरपणात अर्धा ग्लास वाइन चालते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या भाचीला पाचवा महिना चालू आहे. परवा तिने मला एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, हे खरं आहे का गं?” आमच्याच नात्यातल्या एका बाईंनी तो तिला पाठवला होता. म्हणे गरोदरपणी रोज अर्धा ग्लास रेड वाइन घ्यावी. रक्त वाढतं, वार (प्लॅसेंटा) दारू गाळून घेते, फ्रान्समधल्या बायका पितातच, मूल धडधाकट जन्मलं की प्रश्न मिटला, आणि परदेशी संशोधनात अशी मुलं हुशार निघाली. भाचीला फोनवर सांगून झालं, पण हे आणखी किती जणींच्या फोनवर पोचलं असेल, या विचाराने संताप जाईना.

रक्ताचं आधी उरकते. वाइनच्या लाल रंगाचा हिमोग्लोबिनशी काडीचा संबंध नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्या.

वार दारू गाळत नाही. आईच्या रक्तातली दारू थोड्याच वेळात जवळपास तितक्याच प्रमाणात बाळाच्या रक्तात पोचते. आईचं यकृत ती मोडतं, बाळाच्या कोवळ्या यकृताला ते जमत नाही. शिवाय ती गर्भजलात उतरते आणि बाळ तेच पाणी गिळत असतं.

फ्रान्सचं नाव तर घ्यायलाच नको होतं. दारूच्या आहारी गेलेल्या पालकांच्या 127 मुलांमधल्या दोषांची नोंद 1968 साली छापली ती तिथल्याच नांत शहरातल्या डॉ. पॉल लमवान यांनी. 2007 पासून तिथे दारूच्या बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा सक्तीचा आहे.

आता तो ‘धडधाकट मूल’वाला मुद्दा. सगळ्यात घातक हाच. गर्भात दारू पोचल्याची चेहऱ्यावरची खूण, म्हणजे पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ, थोड्याच मुलांत दिसते. बाकीची दिसायला चारचौघांसारखी असतात आणि नुकसान शाळेत उघड होतं. अशा मुलांची एक चाचणी घेतात: पंधरा शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची आणि प्रत्येक वेळी आठवतील तितके शब्द विचारायचे. गर्भात भरपूर दारू पोचलेली मुलं दर फेरीला इतरांपेक्षा कमी शब्द उचलतात. पण जे शब्द एकदा नीट शिकली, ते थोड्या वेळाने बऱ्यापैकी सांगतात. म्हणजे अडचण मुख्यतः शिकलेलं टिकवण्याची नसते, नवं आत घेतानाच मूल अडतं. नवी गोष्ट लक्षात ठेवायला लागणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस अशा मुलांत लहान आढळला आहे. अमेरिकेत सिएटलमध्ये मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगुथ यांनी 1970 च्या दशकात जन्मलेली मुलं मोठी होईपर्यंत तपासली, तेव्हा गणितातली अडचण पुन्हा पुन्हा दिसली. आपल्याकडे अशा पोराला ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ म्हणून धपाटे मिळतात. घोकून घेण्याने हे भरून निघत नाही. आणि हे सगळं ‘प्रश्न मिटला’ या दोन शब्दांत गुंडाळायचं?

राहिलं संशोधन. मान्य करते, अगदी थोडी दारू घेणाऱ्या आयांच्या मुलांत तोटा न दिसलेले अभ्यास आहेत. ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास तसाच होता. पण तिथे थोडी पिणाऱ्या बायका जास्त शिकलेल्या आणि सुस्थितीतल्या होत्या. मुलांचे गुण वाइनमुळे की घरातल्या परिस्थितीमुळे, हे त्यातून कळत नाही. 2012 साली ब्रिटनमधल्याच ब्रिस्टॉलच्या चार हजारांवर मुलांच्या अभ्यासात वेगळी वाट घेतली. शरीर दारू किती वेगाने मोडतं हे ठरवणारी जनुकं श्रीमंती बघून वाटली जात नाहीत, म्हणून मुलांची तुलना त्यांवरून केली. आठवड्याला एक ते सहा युनिट (दारू मोजायचं ब्रिटिश माप) घेणाऱ्या आयांच्या मुलांत त्यातल्या काही जनुकभेदांबरोबर आठव्या वर्षीचा बुद्ध्यंक कमी भरला. दारू अजिबात न घेणाऱ्यांच्या मुलांत त्याच जनुकभेदांनी काही फरक पडला नाही. रोजचा अर्धा ग्लास म्हणजे साधारण एक युनिट, आठवड्याला साधारण सात. मेसेजने सुचवलेलं प्रमाण जवळपास तिथेच, किंबहुना किंचित वर येतं.

दिवस गेल्याचं कळायच्या आधी कुणी घेतली असेल, तर घाबरून बसू नका आणि तिला बोलही लावू नका. मेंदूची वाढ नऊही महिने चालू असते, त्यामुळे आज थांबवल्याचाही उपयोग होतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आसव-अरिष्टांतही मद्यार्क असतो, तेव्हा तीही विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर ज्यांना पाठवलात त्यांना आजच फोन करा.