खाडी मोबाइलवर दिसते, मग चिखलात कशाला?

नमस्कार काका,

माझ्या पीएचडीच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "अख्खी ठाणे खाडी आज मोबाइलवर दिसते. भूगोलात सहा-सहा वर्षं घालवून नावाआधी डॉक्टर लावण्यापलीकडे काय मिळतं? प्रबंध तर कपाटातच पडतात. माझी मुलगी हेच करायचं म्हणतेय, मी तिला अडवतोय." मुलीचा उल्लेख वाचला आणि दोन ओळींत उत्तर देणं जमेना.

मोबाइलवर खाडी दिसते हे खरंच. मीही तिथूनच सुरुवात केली. लँडसॅट उपग्रहांची जुनी चित्रं २००८ पासून फुकट मिळतात. दोन सालांची चित्रं शेजारी ठेवून मी खारफुटीचा हिरवा रंग मोजला आणि आनंदाने गाईडकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही वेळी भरती होती की ओहोटी?" मला सांगता आलं नाही. उपग्रह दर १६ दिवसांनी ठरल्या वेळेला येतो, खाडीचं पाणी मात्र चंद्राच्या हिशोबाने चालतं. उधाणाला कोवळी तिवरं (खारफुटीची झाडं) बुडतात, ओहोटीला तीच वर येतात. मी वाढ म्हणून जे मोजलं होतं त्यात थोडी झाडं होती आणि थोडी नुसती ओहोटी. पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे बाद. भरतीच्या तक्त्यांशी ताडून वापरण्याजोगी चित्रं निवडण्यात पाच महिने गेले. ते वाया गेले असं मला आजही वाटत नाही.

मग चिखल. ऐरोलीच्या बाजूला ओहोटीला होडीतून उतरायचं, गुडघाभर रुतायचं, पीव्हीसीचा पाइप सरळ खाली दाबायचा, वरचं तोंड घट्ट बंद करून तो उपसायचा. वर दोन बोटं तपकिरी थर, खाली काळाकुट्ट गाळ आणि सडक्या अंड्यांचा वास. त्याचे दोन-दोन सेंटिमीटरचे काप करून प्रत्येकातलं शिसं-२१० (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) मोजायचं. हे शिसं साधारण २२ वर्षांत निम्मं होतं, त्यावरून कुठला थर केव्हा बसला ते काढता येतं. पाइप कुठे रोवायचा हे मात्र होडीवाल्या कोळीदादांनी दाखवलं. "इथे आधी निवटी मिळायची, आता तिवरं आलीत," म्हणाले. निवटी म्हणजे उघड्या चिखलातला मासा.

एवढा खटाटोप अशासाठी, की खारफुटी वाढली म्हणजे खाडी सुधारली असं आपण पटकन म्हणून टाकतो. गाळ साचून खाडी उथळ होते, उघड्या चिखलावर तिवरं पुढे सरकतात आणि फ्लेमिंगो जिथे चरतात ती जागाच आक्रसते. ज्यांच्या नावाने २०१५ साली अभयारण्य झालं, तेच हे पक्षी. (२०२२ साली खाडी रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली.) झाडं तोडा असं मी मुळीच म्हणत नाही, किनारा तीच राखतात. पण गाळ केव्हापासून आणि किती साचतोय हे कळल्याशिवाय खाडीबद्दल जे ठरेल ते अंदाजपंचे.

कपाटाबद्दलचं तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते खरं आहे. माझा प्रबंध इंग्रजीत आहे, आणि ज्यांच्या होडीतून मी फिरले त्यांना तो वाचता येत नाही. म्हणून तर इथे मराठीत लिहायला घेतलं.

आता मुलीचं. जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००. मला ती नव्हती. ज्युनियर कॉलेजात शिकवून पदरच्या पैशांनी केलं, आणि ते फार जड गेलं. तेव्हा पैशांची काळजी तुम्ही जरूर करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, मुलींना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. गाईड निवडताना ते स्वतः फील्डवर जातात का, एवढं तिला आधी विचारून घ्यायला सांगा.

आणि तिला खाडीवरच काम करायचं असेल तर मला लिहू दे. भरतीशी जुळवलेल्या चित्रांची माझी यादी मी तिला पाठवते, तिचे ते पाच महिने तरी वाचतील.