मोठं इंजिन पोसणाऱ्यांसाठी काही घरगुती टिप्स

अभिनंदन, शेजारी! गाडी आली, हार घातला, लिंबू चिरडलं, सोसायटीत पेढे वाटले (मला एकच मिळाला, असो). आता २.२ लिटरचं डिझेल इंजिन दारात बांधलंय म्हटल्यावर ते नीट पोसताही आलं पाहिजे. गेले तीन आठवडे पहाटे सव्वासहाला माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली याचं प्रात्यक्षिक चालू आहे, त्यामुळे मी अधिकाराने बोलू शकतो.

आधी मायलेज. एआरएआयचा, म्हणजे गाड्यांची टेस्ट घेणाऱ्या संस्थेचा, आकडा भेटेल त्याला सांगावा. त्यांचं ऑफिस आपल्याच टेकडीवर, सकाळी आपण तिथेच फिरायला जातो, म्हणजे आकडा घरचाच. ती टेस्ट लॅबमध्ये रोलरवर होते, एसी बंद असतो, वेग ताशी ९० च्या वर जात नाही आणि त्या रोलरवर नवले पुलाचं ट्रॅफिक लागत नाही, हे मात्र कुणाला सांगत बसू नये.

कुणी खरं ॲव्हरेज विचारलंच तर "हायवेला..." अशी सुरुवात करावी.

टाकी फुल करून ट्रिप मीटर झिरो करू नये. झोप उडते.

इंजिन निवडताना गरज बघू नये. घरात माणसं तीन, जायचं कोथरूड ते डेक्कन, तरी गाडी सात सीटरच हवी. मोठं इंजिन हलक्या कामात जास्त वाया घालवतं, पंचवीस जणांच्या पातेल्यात दोघांचा चहा टाकला की निम्मा गॅस पातेलं तापवण्यातच जातो ना, तसं. इंजिनिअर लोकांना हे कधीचं माहितीये. १९७० च्या कॅडिलॅक एल्डोराडोत ८.२ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन असायचं, मग १९७३ ला अरब देशांनी तेल अडवलं आणि अमेरिकेची तंतरली. १९८१ ला त्याच कॅडिलॅकने व्ही-८-६-४ काढलं, म्हणजे काम हलकं असलं की दोन किंवा चार सिलिंडर आपोआप सुट्टीवर. कल्पना भारी, पण तेव्हाचे कॉम्प्युटर मंद, गाडी गचके खायची, मग बऱ्याच मालकांनी काय केलं, तर त्या सिस्टीमची वायरच काढून टाकली! पुढे कॉम्प्युटर सुधारले, तीच आयडिया परत आली, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावून लहान इंजिनं मोठ्यांची कामं करायला लागली, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप आलं.

तर वायर काढायची ती परंपरा आपण पुढे चालवावी. डॅशबोर्डवर गोल बाणात 'ए' लिहिलेलं बटन असतं. गाडी सुरू केल्या केल्या ते दाबून स्टार्ट-स्टॉप बंद करायचं, आणि रोज करायचं, कारण ते निर्लज्जासारखं रोज परत चालू होतं. मग गाडी तशीच धडधडत ठेवून वर जायचं, मुलाचा विसरलेला डबा आणायचा, खाली येऊन एसीत बसून रील्स बघायचे. वीस मिनिटं. घड्याळ लावून मोजलीयेत मी.

परवा शेवटी खाली जाऊन त्या शेजाऱ्याला विचारलं, तर म्हणतो, "काका, टर्बो आहे, वॉर्म-अप लागतो." अरे कसला वॉर्म-अप, पुण्यात राहतो आपण का लेहला? अर्धा मिनिट थांबायचं आणि पहिले दोन किलोमीटर दामटवायची नाही, झालं की, चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. संध्याकाळी आल्यावर परत दहा मिनिटं, तेव्हा काय तर "टर्बो कूल-डाऊन". कर्वे रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आलेला टर्बो तापला कधी? खंबाटकी घाट चढून आलास का बाबा?

एवढं इंजिन एसीसकट उभं राहिलं तर तासाला लिटरभर धरा. रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला १५ लिटर, तेराशे-साडेतेराशे रुपये, आणि ॲव्हरेज किती? शून्य. उभ्या गाडीचं शून्यच येतं, सिलिंडर चार असोत की आठ. आणि हाच माणूस मागच्या मीटिंगला मेंटेनन्स २०० रुपयांनी वाढला म्हणून पाऊण तास भांडत होता!

बास झाल्या टिप्स, सरळच सांगतो. हौस तुमची, पैसे तुमचे, तीन लिटरचं घ्या नाहीतर पाचचं घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण धूर माझ्या खिडकीत येतो, आईला दमा आहे, आणि थेंब थेंब वाचवायला लोकांनी पन्नास वर्षं घातलेली अक्कल तुम्ही पार्किंगमध्ये उभ्या उभ्या जाळताय. शिकलेली माणसं तुम्ही, लाज कशी वाटत नाही? ज्या बटनाने गाडी सुरू करता ना, त्याच्यावर स्टार्टच्या खाली स्टॉप पण लिहिलंय. दाबा ते.