‘पत्र्याचा डबा’ म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

दसरा जवळ आला की घरोघरी गाडी घेण्याचे बेत सुरू होतात आणि नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा आहे : ‘छोटी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. ठोकर बसली तर आतला माणूस वाचत नाही. चार माणसे बसली की घाट चढत नाही. सीएनजी घेतली तर डिकी गेली. पंधरा वर्षांनी भंगारातच जाणार. त्यापेक्षा चार-पाच लाख जास्त टाका आणि एसयूव्ही घ्या. तेवढे जमत नसेल तर दुचाकीच बरी.’ मी गेली आठ वर्षे कऱ्हाडात एक लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक वापरतो आणि तिचे रनिंग 92 हजार किलोमीटर झाले आहे. या संदेशातली काही विधाने खरी आहेत, काही अर्धवट आहेत आणि शेवटचे विधान मला धोकादायक वाटते, म्हणून प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र उत्तर देणे आवश्यक आहे.

सुरक्षेचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि त्यात तथ्य नाही असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले. 2023 मध्ये, म्हणजे पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्यानंतरही, वॅगन आरला एक आणि अल्टो के10 ला दोनच तारे मिळाले. ज्या गाड्या मध्यमवर्गीय कुटुंबे सर्वांत जास्त घेतात त्यांची ही स्थिती आहे आणि ती झाकून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

परंतु या आकड्यांवरून ‘गाडी लहान म्हणून ती असुरक्षित’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो याच संस्थेच्या इतर चाचण्यांपुढे टिकत नाही. 2016 मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळवली गेली आणि तिच्या आकाराचा, उंचीचा, दणकट दिसण्याचा काहीही उपयोग न होता तिलाही शून्य तारे मिळाले. उलट 2020 मध्ये चार मीटरच्या आतल्या टियागोला चार आणि अल्ट्रोझला पाच तारे मिळाले. अपघातात माणूस वाचतो तो त्याच्याभोवतीचा सांगाडा चेपत नाही म्हणून, पट्टा त्याला जागेवर धरून ठेवतो म्हणून आणि एअरबॅग योग्य क्षणी उघडते म्हणून. यातली एकही गोष्ट गाडीच्या लांबीवर ठरत नाही. कायद्यानेही या काळात बरीच मजल मारली आहे. एप्रिल 2019 पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आणि 2021 च्या अखेरीपासून शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग सर्व मोटारींना सक्तीची झाली, तर ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारांकन व्यवस्था सुरू झाली. त्यामुळे गाडी घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न ‘लहान की मोठी’ हा नसून ‘या मॉडेलला किती तारे आहेत आणि मी घेतो त्या व्हेरिएंटमध्ये किती एअरबॅग आहेत’ हा आहे.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. दोन गाड्यांची समोरासमोर धडक झाली तर हलक्या गाडीतल्या माणसांना जास्त मार बसतो आणि तारांकन ही तफावत दाखवत नाही, कारण ती चाचणी साधारण त्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीशी झालेल्या धडकेसारखी असते. ज्यांचा रोजचा प्रवास दुभाजक नसलेल्या महामार्गावर, रात्री, ट्रकच्या रांगेतून होतो, त्यांनी अधिक वजनदार आणि चांगले तारे असलेली गाडी घ्यावी, असे मी स्वतःच सांगेन.

याच संदर्भात एक अनुभव नोंदवावासा वाटतो. माझी गाडी नवी असताना एका दुकानातून सीट कव्हर बसवून घेतली. घरी आल्यावर मुलीने पट्टा लावण्यासाठी हात घातला, तर मागच्या सीटवरची तिन्ही बकले कव्हरच्या खाली गडप झालेली होती. बसवणाऱ्याने ती नुसती आत दाबून वरून रेक्झिन ताणले होते. मी परत जाऊन शिवण उसवून ती वर काढून घेतली. तेव्हापासून ओळखीच्या कोणाच्याही गाडीत मागे बसलो की मी आधी बकल शोधतो आणि पुष्कळदा ते सापडत नाही, मग गाडी सात लाखांची असो की वीस लाखांची. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेला माणूस धडकेच्या वेळी पुढच्या माणसावर जाऊन आदळतो. छोट्या गाडीला पत्र्याचा डबा म्हणण्याआधी आपण स्वतःच्या गाडीतली ही तीन बकले वर काढली आहेत का, एवढे प्रत्येकाने आज पाहून घ्यावे.

घाट चढत नाही, हे विधान सरळसरळ चुकीचे आहे. माझी सासुरवाडी चिपळूणची असल्यामुळे कुंभार्ली घाट मी वर्षातून सहा-सात वेळा चढतो. दर मे महिन्यात परतताना गाडीत चार माणसे, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि बाकीच्या फटींत कोकमे, फणसपोळी असे काय काय कोंबलेले असते. पोफळी मागे पडली की चढ लागतो. एसी चालू ठेवून तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतले तर गाडी मार खाते, इंजिन धडधडू लागते आणि मागचा जीपवाला हॉर्न वाजवतो. तिथेच दुसरा गिअर टाकून इंजिन मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर खेळते ठेवले की तीच गाडी हेळवाकपर्यंत एका लयीत चढते. याचे कारण साधे आहे. एक लिटरच्या इंजिनाची ओढ मुळात कमी असते आणि ती वरच्या फेऱ्यांना मिळते. अल्टो के10 किंवा वॅगन आरमधले इंजिन आपला 89 न्यूटन मीटरचा कमाल टॉर्क, म्हणजे ही ओढ, 3500 फेऱ्यांना देते. डिझेलच्या मोठ्या गाडीची ओढ खूप खालच्या फेऱ्यांपासून सुरू होते, म्हणून तिच्या चालकाला गिअर कमी बदलावे लागतात. हा सोयीचा फरक आहे आणि तो खरा आहे, पण त्याला ‘चढत नाही’ म्हणता येत नाही. आवाज वाढला म्हणून घाबरून वरचा गिअर टाकणारे, हाफ क्लचवर गाडी तोलत राहणारे आणि मग क्लच प्लेट जळाल्याचा वास आला की गाडीला दोष देणारे चालक मी घाटात अनेकदा पाहिले आहेत. उतारावरही तेच, पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून गाडी सोडणे हा जिवाशी खेळ आहे, कारण मग सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापले की पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या एसटी चालकांचा नियम छोट्या गाडीलाही तंतोतंत लागू पडतो.

भरलेल्या छोट्या गाडीची खरी अडचण वेगळी आहे आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. ती खाली घासते. रिकाम्या अल्टो के10 चा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यांतले अंतर, 167 मिलिमीटर असतो. चार मोठी माणसे बसली की मागची बाजू दबते आणि गावोगावच्या हाताने बांधलेल्या गतिरोधकांवर पोटाला घासल्याचा आवाज येतो. कोयना भागात अशा दोन ठिकाणी मी मागच्या दोघांना उतरवून गाडी पुढे काढतो. तेरा इंचांची अरुंद चाके खड्ड्यात जास्त खोल उतरतात, महामार्गावर भरधाव ट्रक शेजारून गेला तर हलकी गाडी झोताने थोडी सरकते आणि तीन-चार तासांच्या प्रवासानंतर मांड्यांना आधार कमी पडल्याचे जाणवते. दर आठवड्याला पाच माणसांसह दोन-तीनशे किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबाने या कारणांसाठी मोठी गाडी घेतली तर ते योग्यच होय.

पण आपले रोजचे फिरणे असे असते का, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासावे. कऱ्हाडच्या मंडईमागच्या गल्लीत साडेतीन मीटरची गाडी दोन दुचाकींच्या मध्ये उभी करता येते आणि साडेचार मीटरच्या त्रिज्येत वळवताही येते. पुण्याच्या पेठांमध्ये तर ज्याच्याकडे छोटी गाडी आहे तोच ती घराजवळ लावू शकतो. माझ्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात. तिला भावाच्या उंच एसयूव्हीत चढायला पायरी आणि हाताचा आधार लागतो, बुटक्या सेडानमधून उठता येत नाही, आणि शेजाऱ्यांच्या वॅगन आरमध्ये मात्र ती कोणाच्याही मदतीशिवाय सरळ बसते, कारण त्या गाडीची सीट तिच्या कमरेच्या उंचीवर येते. घरात वृद्ध माणसे असतील तर शोरूममध्ये त्यांना नेऊन चार वेळा बसवून-उठवून पाहावे. कोणत्याही माहितीपत्रकात हे लिहिलेले नसते.

सीएनजीमुळे डिकी जाते, हा आरोप बहुतांशी खरा आहे. साठ लिटर क्षमतेची टाकी डिकीत आडवी बसली की एखाद-दुसरी पिशवी सोडून काही मावत नाही. टियागोसारख्या काही गाड्यांत आता दोन लहान टाक्या तळाशी बसवून वरची जागा मोकळी ठेवली जाते, तरी अशा गाड्या अजून मोजक्याच आहेत. ज्यांना रोज चाळीस-पन्नास किलोमीटर एकट्याने जावे लागते त्यांच्यासाठी सीएनजी उत्तम. माझ्यासारख्या आंब्याच्या पेट्या आणणाऱ्याने पेट्रोलच घ्यावी. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते, हेही विकणाऱ्याने आधीच सांगितले पाहिजे.

पंधरा वर्षांनी भंगार, हा नियम दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरातल्या निर्बंधांवरून उचलून आपल्याकडे चिकटवला गेला आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, तेव्हा आरटीओत गाडी तपासून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. शिवाय हा नियम छोट्या-मोठ्या सर्वच गाड्यांना सारखा आहे, त्यामुळे छोट्या गाडीविरुद्धचा मुद्दा म्हणून तो मुळातच उभा राहत नाही.

आता ‘चार-पाच लाख जास्त टाका’ या सल्ल्याचा हिशेब मांडतो, कारण हा सल्ला देणाऱ्याने तो कधीच मांडलेला नसतो. सहा लाखांची पेट्रोल गाडी आणि अकरा लाखांची पेट्रोल गाडी यांच्यातला पाच लाखांचा फरक नऊ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जातून भागवला, तर केवळ त्या फरकाचा मासिक हप्ता सुमारे 8,045 रुपये होतो आणि सात वर्षांत पावणेसात लाखांहून थोडी अधिक रक्कम बँकेत जाते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला 11 टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत 12 टक्के एकरकमी वाहन कर आहे. म्हणजे पहिल्या गाडीला 66 हजार आणि दुसरीला 1 लाख 32 हजार, बरोबर दुप्पट. 1000 सीसीपर्यंतच्या नव्या मोटारीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा 6,521 रुपयांचा, तर त्यापुढे 1500 सीसीपर्यंत 10,640 रुपयांचा आहे. इंधनाच्या बाबतीत कंपनीने छापलेला चोवीसचा मायलेज मला कधीच मिळाला नाही, गावात-महामार्गावर मिळून अठराच मिळतो. तरीही महिन्याला 800 किलोमीटर फिरणाऱ्याला अठरा आणि बारा या मायलेजमध्ये दरमहा बावीस लिटर, म्हणजे 104 रुपये भावाने सुमारे 2,300 रुपयांचा फरक पडतो. हप्ता आणि पेट्रोल मिळून दरमहा दहा हजारांहून जास्त रक्कम होते. ज्या घरात मुलाच्या शिकवणीची फी आणि वडिलांची औषधे एकाच पगारातून जातात, त्या घराला ‘थोडेच जास्त’ असे सांगणाऱ्याने हा आकडा समोर ठेवूनच सांगावे.

शेवटचा सल्ला, म्हणजे एसयूव्ही परवडत नसेल तर दुचाकीच बरी, हा मला सर्वांत जास्त खटकतो. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसे मेली आणि त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. ज्या कुटुंबाकडे स्कूटर आहे आणि जे छोटी गाडी घेण्याचा विचार करत आहे, त्याच्यासमोरची निवड छोटी गाडी की मोठी गाडी अशी नसते. ती छोटी गाडी की त्याच स्कूटरवर आणखी काही वर्षे, अशी असते. एक तारा मिळालेल्या गाडीतसुद्धा पट्टा, एअरबॅग आणि चारही बाजूंनी पत्रा असतो. स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाभोवती काहीच नसते. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने हाच संदेश वाचून छोट्या गाडीचे बुकिंग रद्द केले आणि एसयूव्हीसाठी पैसे साठवायचे ठरवले. त्याला दोन पावसाळे झाले. परवा रात्री नऊच्या सुमारास मलकापूरच्या उड्डाणपुलाखाली ते चौघे मला दिसले. मोठा मुलगा पुढे उभा, धाकटी आईवडिलांच्या मध्ये झोपलेली, आणि तिच्यावर पाऊस पडू नये म्हणून वडिलांनी रेनकोटचा मागचा पदर तिच्या डोक्यावरून ओढून घेतलेला. त्यांनी रद्द केलेल्या त्या गाडीला दोन तारे होते, हे मला माहीत आहे, आणि तरीही त्यांनी ती उद्याच्या उद्या घ्यावी असे मी त्यांना घरी जाऊन सांगितले आहे.