उभा जनरेटर झिजत नाही, हे कुणी सांगितलं?

पावसाळा सुरू झाल्यापासून एक मेसेज फोंडा, म्हापसा, मडगावच्या सोसायट्यांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मला एकट्याला तो पाच जणांनी पाठवला. थोडक्यात मजकूर असा: स्टँडबाय जनरेटर वर्षाला जेमतेम वीस तास चालतो. उभं इंजिन झिजत नाही आणि ऑइल डब्यात काय, इंजिनात काय, तसंच राहतं. कुठलंही चांगलं ऑइल घाला, आठवड्याला पाच मिनिटं रिकामा फिरवा, बस्स. मेकॅनिक तर ऑइल न बदलताच बिल लावतात. पुरावा म्हणून शेवटी कैगा: कारवारच्या आत काळी नदीकाठी असलेल्या त्या अणुवीज केंद्रातले डिझेल जनरेटरही वर्षानुवर्षं उभेच असतात आणि वेळ आली की दहा सेकंदांत सुरू होतात.

मी डिझेल इंजिनं उघडण्यात तीस वर्षं घालवली. आधी खाणींच्या बार्जवर, आता जनरेटरवर. हा मेसेज एका नर्सिंग होमच्या ग्रुपवर पोचल्याचं कळलं, म्हणून लिहायला बसलो.

उभं इंजिन झिजत नाही, इथूनच चूक सुरू होते. चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य फिरता दांडा, बेअरिंगला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. इंजिन थांबलं की ते ऑइल ओघळून खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. पंधरा दिवसांनी बेअरिंगवर उरते ती नुसती ओल. मग सेल्फ मारला की पंप ऑइल वरपर्यंत पोचवीपर्यंत धातूवर धातू घासतो. रोज चालणाऱ्या ट्रकच्या अंगाला कालचं ऑइल तरी असतं. जनरेटरला तेही नसतं, आणि सुरू होताच त्याच्यावर लोड येतो.

२०१२ साली खाणी बंद पडल्या आणि बार्ज मांडवी-जुवारीत नांगरून पडल्या. दोनेक वर्षांनी एका मालकाने मला बोलावलं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, लेव्हल अगदी बरोबर होती. रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, उचललं तर आतून दुधाळ तपकिरी साय धरलेली. मेन बेअरिंगची खालची शेल, म्हणजे अर्धगोल पत्रा, काढून कपड्याने पुसली. करड्या पत्र्यावर काळे डाग होते, आणि डागांच्या जागी वरचा मऊ थर सुटून खालचा तांबूस धातू दिसत होता. कॅमशाफ्टवरून नख फिरवलं तर गंजाच्या खड्ड्यांत अडकत होतं. तासांचं मीटर त्या दोन वर्षांत एका तासानेही हललं नव्हतं.

आता अणुवीज केंद्रांचं. त्यांचं उदाहरण नेमकं उलट बाजूने बोलतं. अणुभट्टी बंद केल्या क्षणीही पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत राहते आणि ती हटवायला पंप चालू लागतात. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या आगीत केंद्राची वीज सुमारे १७ तास पूर्ण गेली होती. तेव्हा डिझेलवर चालणाऱ्या आगीच्या पंपांनी पाणी पोचवलं. असं ज्यांच्या भरवशावर आहे, ती इंजिनं नुसती उभी ठेवत नाहीत. अशा इंजिनांचं ऑइल आणि इंजिनाभोवती फिरणारं पाणी हीटरने सतत कोमट ठेवतात, ऑइल छोट्या विजेच्या पंपाने फिरवत ठेवतात. अमेरिकेतल्या प्रमाण नियमांप्रमाणे चाचणी महिन्याला, जवळजवळ पूर्ण लोडवर, किमान एक तास होते. शिवाय अधूनमधून सलग २४ तासांची.

दहा सेकंदांचंही ऐका. थंड इंजिन एकदम पूर्ण वेगाला नेण्याच्या चाचण्यांनीच अमेरिकेतल्या केंद्रांतली इंजिनं झिजू लागली होती. म्हणून १९८४ साली तिथल्या अणुनियामक आयोगाने केंद्रांना पत्र धाडलं: थंड, झटपट स्टार्ट कमी करा, आधी ऑइल फिरवून घ्या. इतकी निगा राखूनही तिथे झीज होते. आपल्या सोसायटीच्या मागच्या शेडमध्ये त्यातलं काय आहे?

हे वाचून कुणी लगेच ऑइलचा पंप बसवून चोवीस तास चालू ठेवू नका. उभ्या इंजिनात जास्त दाबाने ऑइल गेलं तर ते टर्बोतून एक्झॉस्टमध्ये किंवा सिलिंडरमध्ये साचतं, आणि स्टार्टच्या वेळी आग लागते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने सांगितलेलाच पंप, सांगितलेलाच वेळ.

'कुठलंही चांगलं ऑइल' हा तर घातक सल्ला. कुळ्याच्या घाटात मालगाड्या चढवणारी डब्ल्यूडीजी-४ लोकोमोटिव्ह तुम्ही पाहिली असतील. त्याच घराण्यातली ईएमडी या अमेरिकन कंपनीची इंजिनं अमेरिकेतल्या कित्येक अणुवीज केंद्रांत स्टँडबाय आहेत. त्यांच्या पिस्टनच्या पिनेच्या बेअरिंगवर चांदीचा थर असतो. आपल्या बहुतेक मोटर ऑइलमध्ये झिंकचं अ‍ॅडिटिव्ह असतं. इतर इंजिनांना ते राखतं, या चांदीला मात्र खातं.

डब्यातलं ऑइल सीलबंद असतं. इंजिनातलं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा जायच्या-यायच्या वाटेतून, गोव्याची हवा घेतं, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर ओलीचिंब. आत ज्वलनाची आम्लं आधीच असतात, त्यांना पाणी मिळतं. म्हणून मॅन्युअलमध्ये तासांबरोबर महिनेही लिहिलेले असतात: जे आधी येईल ते. शंका असेल तर चष्मा लावून तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. हीटरही थंडीसाठीच लागतो असं नाही, कोमट इंजिनात ओल धरत नाही.

राहिली ती पाच मिनिटं. त्यात इंजिन तापत नाही, पाणी उडत नाही, न जळलेलं डिझेल रिंगांवरून संपमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. महिन्यातून एकदा का होईना, निदान तीस टक्के लोडवर अर्धा तास चालवा. एसी, पंप, लिफ्ट, जे असेल ते लावा.

मेसेजमधली एक तक्रार खरी आहे. ऑइल न बदलता बिल लावणारे आमच्या धंद्यात आहेत. तेव्हा समोर उभं राहून जुनं ऑइल काढलेलं बघा, फिल्टर हातात घ्या.

काल त्या नर्सिंग होमच्या सिस्टरनी डिपस्टिकचा फोटो पाठवला. लेव्हल फुलच्या खुणेच्या बोटभर वर. "भाऊ, ऑइल तर वाढलंय, चांगलंच ना?" मी वास घ्यायला सांगितला. डिझेलचा होता. वर्षभर दर सोमवारी पाच मिनिटं फिरवत होते. आज स्टार्ट करू नका म्हटलं, आणि नवं ऑइल, फिल्टर घेऊन निघालो.