मी २५५ मागितले होते, २८५ नाही

आज सकाळी साडेआठची अपॉइंटमेंट होती आणि दुपारी मी घरी आलो ते तेच जुने टायर घेऊन, बाहेर बर्फ पडायला लागलाय आणि डोक्यात नुसती आग आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डर दिली होती. टायर २५५/८० आर १७ (रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, डिस्क सतरा इंची), पाच नग, स्टेपनीसकट. काउंटरवरच्या पोराला कागदावर लिहून दिलं, त्याच्याकडून वाचून घेतलं, आगाऊ पैसे भरले. पाच आठवडे थांबलो. जुन्या बाजारातून फोर्डच्या एफ-१५० पिकअप ट्रकच्या सतरा इंची डिस्क शोधून आणल्या, घासून साफ केल्या, आज पहाटे अंधारात हौद्यात चढवल्या. दुकानात तीन तास बसलो, त्यांची ती करपलेली कॉफी प्यायलो, शेवटी चावी हातात आली. ट्रकजवळ गेलो आणि लांबूनच कळलं. चाक जाड दिसतंय. खाली बसलो, बोटाने मीठ-चिखल पुसला आणि वाचलं, २८५/७० आर १७.

आत जाऊन विचारलं तर तो पोरगा काय सांगतो, "सर, तुमचा साइज आलाच नाही, म्हणून आम्ही त्याच पैशात अपग्रेड करून दिलं." अपग्रेड! मला एक फोन नाही केला. मी तीन तास दहा फुटांवर बसलोय, काचेतून दिसतोय, उठून येऊन विचारायचं होतं ना. परस्पर माझ्या डिस्कवर चढवून, बॅलन्स करून, गाडीला लावून मोकळे. वर मलाच शिकवायला लागला की एवढ्या मोठ्या ट्रकला बारीक टायर लावायचा नसतो, वजन पेलणार नाही, सेफ नाही.

वजन पेलणार नाही? अरे टायरवर लिहिलेलं असतं ते कधीतरी वाच की. २५५/८० आर १७ ई रेंजवर, म्हणजे जड वजनाच्या प्रकारावर, लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलण्याचा आकडा, १२१ आहे. म्हणजे एका टायरला ३,१९५ पाउंड, ८० पीएसआय हवेला. आणि तू जो चढवलास त्या २८५ वर किती आहे? १२१. तोच आकडा. मी त्याला तिथेच बाहेर नेऊन बॅटरी मारून दाखवला, तर खांदे उडवून म्हणतो, "मोस्ट पीपल प्रिफर वायडर." मोस्ट पीपलनी पैसे भरलेत का माझ्या ऑर्डरचे?

पार्किंगमधून मागे घेताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर मडगार्डच्या आतल्या लायनरला खर्रर्र करून घासलं. मी घरी पुठ्ठ्याचा साचा कापून मापं घेतली होती. उंची दोन्हीची जवळपास सारखीच, तेहतीस इंच, पण माझा टायर तीन सेंटिमीटर अरुंद, तो आत अडकत नाही. तिथेच थांबलो, सगळं उतरवायला लावलं, जुनी वीस इंची चाकं परत बसवून घेतली. तीही त्याने इम्पॅक्ट गनने घर्रर्र करून आवळली, नट किती आवळला ते मोजणारा टॉर्क रेंच हातात घेतलाच नाही. १५० फूट-पाउंड लागतो या नटांना. घरी येऊन गारठ्यात मी स्वतः चोवीसच्या चोवीस नट सैल करून परत आवळले.

आणि हे "वायडर" ऐकून ऐकून कान किटलेत. आम्ही अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथला राहतो. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, गाव डोंगराच्या उतारावर आणि सगळे रस्ते सरळ खाली लेक सुपीरियरकडे. गेल्या फेब्रुवारीत त्या २७५ च्या वीस इंची रुंद टायरांवर मी स्टॉप साइनला ब्रेक मारला आणि ट्रक थांबलाच नाही, एबीएस पायाखाली थडथडतंय आणि गाडी शांतपणे चौक ओलांडून पलीकडे. बाजूला बायको, दोन्ही हातांनी हँडल धरून, तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या बाजूने कोणी आलं नाही म्हणून आज हे लिहितोय. त्या रात्रीपासून मी हे टायरचं वाचायला लागलो.

लेनच्या मधे जो स्लशचा, म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा, राखाडी बांध साठतो ना, त्यावर रुंद टायर चढला की स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. कारण पुढून जेवढा बर्फ ढकलायचा तेवढी टायरची रुंदी. अरुंद टायर तो कापतो आणि खालच्या डांबराला जाऊन भिडतो. स्वीडनच्या रॅलीत खिळ्यांचे टायर बारीक का असतात? तिथल्या लोकांना रुंद परवडत नाहीत म्हणून? इथे मिनेसोटात खिळे लावायला बंदी आहे, मग आमच्या हातात राहतं काय, योग्य रबर आणि योग्य माप. तेवढंच तर मागत होतो.

हो, वाळूत रुंदच लागतो. मांडीएवढ्या भुसभुशीत बर्फावर तरंगायचं असेल तर रुंदच. आइसलँडमध्ये हिमनदीवर जातात ते भलेमोठे फुग्यासारखे टायर लावतात आणि हवा अगदी नावाला ठेवतात, बरोबरच आहे त्यांचं. पण मी हिमनदीवर जात नाही, मी कामावर जातो! प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारी गाडी, फिरून गेलेल्या काउंटी रोडवर, जिथे वर चार इंच खिचडी आणि खाली कडक रस्ता. कुठे चालवता, हा एक प्रश्न त्या दुकानात मला कोणी विचारला नाही.

आमच्या गावाकडे शाहूवाडीत सहा-शून्य-शून्य-सोळाच्या (सहा इंच रुंद, सोळा इंची डिस्क) टायरांवर जीप चालायची. एवढासा टायर, वर बारा-पंधरा माणसं, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि ती जीप चिखल कापत खालच्या मुरमाला पकडून वर यायची. काका म्हणायचे, "चाकाला तळ सापडला पायजे." तोच साइज दुसऱ्या महायुद्धात विलिज जीपला होता. इथल्या जुन्या पाऊण टनी ट्रकांनाही २३५/८५ आर १६ यायचे कंपनीतूनच, त्यावर लोक लाकडं, घोडे, ट्रेलर सगळं ओढायचे. मग मधेच कोणाला साक्षात्कार झाला की ट्रक म्हणजे बावीस इंची डिस्क आणि मडगार्डच्या बाहेर आलेलं रबर? दगड सगळे मागच्याच्या काचेवर.

मिनिआपोलिसला गणपतीत गेलो होतो तेव्हा हेच. एकाने सगळ्यांसमोर, "काय रे, ट्रकला सायकलची चाकं लावणार म्हणे?" सगळे हसले. इथले लोक अशा अरुंद टायरला पिझ्झा कटर म्हणतात ते वेगळंच. ज्याची गाडी गरम गॅरेजमधून निघून गरम पार्किंगमध्ये जाते त्याने मला बर्फाचं सांगू नये. आणि त्याच्या एसयूव्हीच्या टायरवर एम प्लस एस (मड अँड स्नो) छापलंय म्हणून तो निर्धास्त आहे. तो शिक्का नुसत्या नक्षीवरून मिळतो, बर्फावर कोणी चालवून बघत नाही त्यासाठी. डोंगरातल्या हिमकणाचं जे चिन्ह असतं त्याला तरी चाचणी आहे, आणि तीही बर्फात गाडी पुढे ओढण्याची, ब्रेकची नाही. हे सांगितलं की म्हणे हा फार खोलात जातो. चौक ओलांडून गेलो होतो मी, खोलात नको जाऊ तर काय करू?

आत्ता फोन आला होता दुकानातून, मॅनेजरचा. दुसऱ्या शाखेत चार आहेत, पाचवा नाही, सोमवारी या. उद्या रात्रीपर्यंत आठ इंच सांगितलाय. बायकोला सांगितलंय, दोन दिवस ट्रक हलणार नाही, दूध-भाजी आजच आणून ठेवली. सोमवारी शटर उघडायच्या आधी मी तिथे उभा असणारे. प्रत्येक टायरवरचा आकडा मी स्वतः वाचेन, मगच तो डिस्कवर चढेल, आणि टॉर्क रेंच घरून नेतोय.