‘दिव्यांगांना फक्त प्रेम हवं’ म्हणणाऱ्यांना

3 डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या लातुरात आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या: ‘दिव्यांगांना सवलती नकोत, फक्त प्रेम हवं. सेवेला शिक्षण लागत नाही. महिन्यातून एक तास काढा, वाढदिवस त्यांच्यात साजरा करा.’

सवलती नकोत, हे कुणाला विचारून ठरवलं? एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि दाखल्यासाठी चकरा. निलंग्याकडच्या एका मावशींच्या पोरासाठी मी सोबत गेले, तर आधारवर ‘बालाजी’ अन् शाळेच्या दाखल्यावर ‘बालासाहेब’. गेलो तसे परत. मावशींची खुरपणीची मजुरी बुडाली ती वेगळीच. पोरावर माया करायला त्या होत्याच की! कागद नीट लावून देणारं कुणी नव्हतं.

‘शिक्षण लागत नाही’ यावर मात्र मला माझीच फजिती सांगावी लागेल. बारावी झाल्यावर बी.ए.च्या एका अंध विद्यार्थ्याची लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते पेपरात लिहिणारी, म्हणून बसले. तो सांगत होता, ‘शेतकऱ्यांचे लई हाल झाले.’ मी हुशारीनं लिहिलं, ‘शेतकऱ्यांची स्थिती अत्यंत हलाखीची झाली.’ पान संपल्यावर तो म्हणाला, वाचून दाखव. वाचलं. ‘अगं, हे मी कुठं म्हणलो? खोड ते.’ खोडलं, कान लाल झाले. पेपर संपल्यावर मी त्याचा हात धरून ओढत निघाले, तर थांबला. माझं कोपर स्वतःच्या हातात घेतलं, म्हणाला, ‘असं. आता तू चाल, मी मागं येतो.’ पायरी आली की आधी सांगायचं, हेही त्यानंच शिकवलं.

एक तास? तीन तासांच्या पेपरला तासामागं वीस मिनिटं जादा मिळतात. म्हणजे लेखनिक चार तास जागचा हलत नाही. आयत्या वेळी ‘पाहुणे आलेत’ म्हणून कळवणारे मी पाहिलेत.

वाढदिवसाचं काय बोलू! केक तुमचा, फोटो तुमचा, टाळ्या वाजवायला तेवढी ती पोरं.

दहावीच्या परीक्षेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी सुवाच्य अक्षराचं नववीतलं पोर असेल, तर दहावीच्या परीक्षेआधी जवळच्या शाळेत विचारून ठेवा.