बर्फाच्या पिशव्यांचे दिवस

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णाला ३३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं की मेंदू वाचतो, असं नुकत्याच वाचलेल्या एका लेखात ठामपणे लिहिलंय. २००२ च्या दोन अभ्यासांनंतर आम्हीही तेच करायचो. मी आयसीयूत नर्स होते. काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या, आणि रुग्णाला हुडहुडी भरली की आमची धावपळ! पण अशाच रुग्णांवर झालेल्या २०२१ च्या टीटीएम-२ या वैद्यकीय चाचणीचा लेखात उल्लेखच नाही? साडेअठराशेच्या आसपास रुग्ण. एक गट ३३ अंशांवर, दुसऱ्याचा फक्त ताप आटोक्यात ठेवलेला. सहा महिन्यांत पहिल्यातले ५० टक्के दगावले, दुसऱ्यातले ४८. म्हणजे फरक नाहीच; उलट थंड गटात हृदयाची लय जास्त बिघडली. ताप चढू न देणं मात्र सोपं नाही, पहारा लागतोच. निदान बर्फाच्या पिशव्या बदलून बदलून बोटं तरी बधिर होत नाहीत.